आपत्तीत जनावर दगावल्यास शासकीय मदत कशी मिळवावी : नव्या पशुपालकांसाठी मार्गदर्शन

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने आणि सीना नदीला आलेल्या पुराने धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम, तसेच सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा आणि मोहोळ या तालुक्यांत पिकांबरोबर गोठ्यांचेही मोठे नुकसान झाले. हा सारा पट्टा दुधावर, खव्याच्या भट्ट्यांवर आणि उस्मानाबादी शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या कुटुंबांचा आहे. पिकाच्या नुकसानीची मदत कशी मिळते, हे इथल्या जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. परंतु जनावराच्या मृत्यूबद्दलची मदत कोणत्या नियमाने, कोणाच्या अहवालावर आणि किती रकमेची मिळते, याची माहिती अनेकांना जनावर पुरून झाल्यानंतरच मिळते. ज्यांनी अलीकडेच दोन-चार गाई घेऊन किंवा शेळ्यांचा गट उभारून या व्यवसायात पाऊल ठेवले आहे, त्यांच्यासाठी संपूर्ण प्रक्रिया येथे क्रमाने मांडली आहे. धाराशिवचे उदाहरण समोर ठेवले असले, तरी नियम राज्यभर एकच आहेत.

पहिली पायरी : आपत्ती येण्यापूर्वीची नोंद

या मदतीचा पाया आपत्तीच्या दिवशी नव्हे, तर जनावर गोठ्यात आले त्या दिवशी घातला जातो. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असावा आणि त्या क्रमांकाची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत आपल्या नावावर असावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, की नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मरण पावलेल्या जनावराच्या कानात बिल्ला नसेल, तर नुकसानभरपाई देय होणार नाही. त्याच निर्णयानुसार १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर प्रतिबंध घालण्यात आला. बिल्ला मारण्याचे काम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते.

नवे पशुपालक येथे एका बाबतीत हमखास मागे राहतात. बाजारातून आणलेल्या गाईच्या कानात बिल्ला असतो, त्यामुळे काम झाले असे त्यांना वाटते. पण प्रणालीत ती गाय अजून जुन्या मालकाच्याच नावावर असते. खरेदीची पावती आणि आपले आधार कार्ड घेऊन दवाखान्यात जावे आणि मालकीत बदल करून घ्यावा. बिल्ला झाडाझुडपात अडकून तुटला असेल, तर नवा मारून घेऊन जुन्या क्रमांकाशी त्याची सांगड घालण्याची विनंती करावी. गाय व्याली, वासरू विकले किंवा जनावर दगावले, तर तीही नोंद वेळोवेळी करून घ्यावी.

याशिवाय प्रत्येक जनावराची दोन छायाचित्रे मोबाईलमध्ये ठेवावीत : एक बिल्ल्याचा क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून घेतलेले, आणि दुसरे संपूर्ण शरीर दिसेल असे, ज्यात गोठा आणि शक्यतो मालकही उभा असेल. दूध संकलन केंद्राचे पुस्तक किंवा खवा भट्टीवर मिळणाऱ्या दुधाच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. गाय दुधात होती की नाही, असा प्रश्न पुढे उभा राहिला, तर या चिठ्ठ्या फार मोठे काम करतात. मोबाईल पाण्यात जाण्याचा धोका लक्षात घेऊन ही छायाचित्रे घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवावीत.

पुराचा इशारा मिळाल्यावर जनावरे उंचवट्यावर हलवावीत, आणि तेवढा वेळ नसेल तर किमान दावी सोडून द्यावीत. मोकळे जनावर पोहून काठाला लागू शकते. बांधलेले जनावर मात्र दावणीलाच बुडते. मदतीच्या लेखात ही गोष्ट लिहिण्याचे कारण एवढेच, की आपत्तीत मिळणारी शासकीय रक्कम दुभत्या म्हशीच्या बाजारभावाच्या जवळपासही पोहोचत नाही.

दुसरी पायरी : मृत्यूचे कारण ओळखा आणि योग्य कार्यालय गाठा

जनावर कशाने मेले, यावर कोणाकडे जायचे हे ठरते. पूर, गारपीट, चक्रीवादळ, दरड कोसळणे, ढगफुटी, थंडीची लाट, आग या केंद्र शासनाने मान्य केलेल्या आपत्ती आहेत. अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना महाराष्ट्राने राज्य आपत्तीचा दर्जा दिला आहे. या सर्व प्रकरणांत मदत महसूल विभागामार्फत, म्हणजे तहसील कार्यालयातून मिळते.

वादळात तुटलेल्या तारेचा किंवा खांबात उतरलेल्या प्रवाहाचा धक्का बसून जनावर मेले, तर प्रकरण महावितरणकडे जाते आणि त्यात विद्युत निरीक्षकाचा अहवाल निर्णायक ठरतो. बिबट्या, वाघ किंवा लांडग्याने जनावर मारले, तर वन विभागाकडे जावे लागते. तेथे ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवणे आवश्यक असते आणि पाहणी होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. या प्रकरणांत २०२२ च्या निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैलासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती, आणि शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरवण्यात आली.

सर्वसाधारण आजाराने झालेला मृत्यू या मदतीत बसत नाही. लम्पी चर्मरोगाच्या २०२२ मधील साथीत राज्य शासनाने गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले होते, पण त्यासाठी वेगळा निर्णय काढावा लागला होता. पुरानंतर पसरणाऱ्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांनी जनावर गेले, तर ते पुरात दगावले असे सहजी मानले जात नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण चुकवू नये.

तिसरी पायरी : पहिल्या दिवशी करावयाची कामे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मदत नाकारली गेलेल्या बहुतेक प्रकरणांचे मूळ पहिल्या दिवशी राहून गेलेल्या एखाद्या कामात असते.

मृत जनावर दिसताच प्रथम छायाचित्रे घ्यावीत. जनावर जसे पडले आहे तसे, कानातील बिल्ला, शरीरावरील खुणा, आजूबाजूचे पाणी, पडलेले झाड किंवा कोसळलेली भिंत, हे सर्व त्यात यावे. मोबाईलमधील ठिकाण दाखवणारी सुविधा सुरू असेल तर उत्तम. विजेने मेलेल्या जनावरांच्या अंगावर केस करपल्याची रेघ दिसू शकते, अनेकदा तोंडात चारा तसाच राहिलेला असतो आणि एकाच झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणालगत एकाहून अधिक जनावरे पडलेली आढळतात. या खुणा काही तासांत पुसट होतात, त्यामुळे त्या टिपण्यास विलंब करू नये.

त्यानंतर गावचे ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना आपण आजवर तलाठी म्हणत आलो, त्यांना दूरध्वनी करावा आणि त्याच मजकुराचा संदेशही पाठवावा. केवळ तोंडी सांगण्यावर विसंबू नये; संदेशात तारीख, वेळ, गट क्रमांक, जनावराचा प्रकार आणि बिल्ल्याचा क्रमांक लिहावा. तोच संदेश सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही पाठवावा. तलाठ्यांकडे अनेकदा दोन-तीन सजांचा (कार्यक्षेत्रांचा) भार असतो आणि पुराच्या काळात ते इतर गावात अडकलेले असू शकतात. अशा वेळी आपण नेमके केव्हा कळवले, याचा लेखी पुरावा हाताशी राहतो. संपर्क होत नसेल, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर नोंद द्यावी.

पशुधन विकास अधिकाऱ्यांना शवविच्छेदनासाठी बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ असा आहे. शवविच्छेदनाचा अहवाल हा या संपूर्ण प्रकरणाचा कणा आहे. त्यात मृत्यूचे कारण ‘पाण्यात बुडून’ किंवा ‘वीज पडून’ असे स्पष्ट यावे लागते. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर फाशी (अँथ्रॅक्स) रोगाचा संशय असतो आणि असे जनावर उघडणे माणसांसाठीही घातक ठरते. त्याला हात न लावता डॉक्टरांना आधी तसे सांगावे.

पंचनामा आणि शवविच्छेदन होण्यापूर्वी जनावर पुरू नये. कुजण्याची भीती, गावकऱ्यांचा आग्रह आणि मनाची घालमेल यांमुळे तसा मोह होतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही थोडे थांबावे. पूर मोठा असेल आणि डॉक्टर पोहोचूच शकत नसतील, तर सरपंच, पोलीस पाटील आणि दोन शेजारी यांच्या समक्ष छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी, बिल्ला कानासह दिसेल असे चित्र घ्यावे आणि त्या सर्वांच्या सह्यांचा कागद तयार करूनच जनावर पुरावे. पुरताना खड्डा सहा ते आठ फूट खोल आणि विहीर, ओढा व वस्तीपासून दूर असावा. त्यात चुना आणि मीठ टाकावे.

जनावर वाहून गेले असेल तर

मृतदेहच सापडत नसेल, तर प्रकरण अवघड होते, पण संपत नाही. वाहून गेलेल्या जनावराबाबत त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि तहसील कार्यालयात लेखी माहिती द्यावी. खालच्या अंगाच्या गावांतील पोलीस पाटलांना बिल्ल्याचा क्रमांक कळवावा, कारण वाहून गेलेली जनावरे कित्येक किलोमीटरवर काठाला लागतात आणि तेथील ग्रामपंचायत बेवारस म्हणून त्यांची विल्हेवाट लावते. तेथे सापडल्यास बिल्ल्याचे छायाचित्र आणि त्या ग्रामपंचायतीचा दाखला मिळवावा. काहीच सापडले नाही, तर ‘भारत पशुधन’मधील नोंद, लसीकरणाची नोंद, दुधाचे पुस्तक आणि पंचांचे जबाब यांच्या आधारे गोठ्याचा पंचनामा करण्याची लेखी मागणी करावी. नोंदीत आठ जनावरे आहेत आणि गोठ्यात पाच उरली आहेत, हा फरक कागदावर दाखवता आला, तर बाजू बळकट होते.

फिरस्ते मेंढपाळ

१ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या कळपांतील मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. त्यांत अनेक मेंढपाळ परगावचे होते आणि त्यांची घरे दुसऱ्या तालुक्यात होती. अशा वेळी पंचनामा मूळ गावी नव्हे, तर मृत्यू जेथे झाला त्या गावच्या हद्दीत करावा लागतो. त्यामुळे कळप पुढे हाकण्यापूर्वी तेथील तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठणे भाग असते. पंचनाम्यात आपला मूळ पत्ता, आधार क्रमांक आणि बँक खाते नीट लिहून घ्यावे, आणि त्याची प्रत घेऊनच पुढच्या मुक्कामाला निघावे. कळपातील प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला असणे कष्टाचे वाटते, पण ज्यांचे सगळे भांडवलच चार पायांवर चालते, त्यांना या बिल्ल्याची गरज इतरांहून अधिक आहे, असे माझे मत आहे.

चौथी पायरी : पंचनामा वाचून सही करावी

पंचनाम्यावर मालकाची आणि पंचांची सही असते. घाईत, चिखलात उभे राहून, अनेकदा मोबाईलच्या उजेडात तो लिहिला जातो आणि न वाचता सही केली जाते. तसे करू नये. पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात : तारीख व वेळ, गट क्रमांक, बिल्ल्याचे बारा अंक, जनावराचा प्रकार, वय, रंग व शिंगांची ठेवण, कितवे वेत, दुधात की गाभण, मृत्यूचे कारण, आणि आधार कार्डावर आहे तसेच मालकाचे नाव.

जनावराचा प्रकार ही सर्वांत नाजूक नोंद आहे. पहिलारू गाय नुकतीच व्यालेली असेल आणि पंचनाम्यात ती ‘कालवड’ म्हणून लिहिली गेली, तर ३७,५०० रुपयांऐवजी २०,००० रुपये मंजूर होतात. एका शब्दामागे १७,५०० रुपयांचे नुकसान. मदत आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरांसाठी असल्याने गाय आटलेली पण गाभण असेल, तर ‘भाकड’ एवढेच लिहू न देता गाभण असल्याचा उल्लेख डॉक्टरांकडून अहवालात करून घ्यावा. पंचनाम्याचे आणि शवविच्छेदन अहवालाचे छायाचित्र तेथल्या तेथे काढून ठेवावे.

मदतीचे दर

केंद्र शासनाने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीचे जे दर ठरवले, तेच महाराष्ट्राने लागू केले. मोठ्या दुधाळ जनावराला, म्हणजे गाय किंवा म्हशीला, ३७,५०० रुपये. शेळी, मेंढी व डुकराला ४,००० रुपये. बैल, घोडा किंवा उंट अशा ओढकामाच्या मोठ्या जनावराला ३२,००० रुपये. वासरू, कालवड, गाढव, शिंगरू, खेचर यांना २०,००० रुपये. आणि कोंबडीला १०० रुपये, तेही एका कुटुंबाला कमाल १०,००० रुपयांपर्यंत. घराला लागून असलेला गोठा पडला, तर प्रति गोठा ३,००० रुपये वेगळे मिळतात. त्याचा पंचनामा त्याच वेळी करून घ्यावा. नंतरच्या कालावधीत दर बदलू शकतात, म्हणून आपल्या आपत्तीच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू आहे, हे तहसील कार्यालयात विचारून त्याची प्रत घ्यावी.

या दरांना संख्येची मर्यादा आहे. एका कुटुंबाला तीन मोठी दुधाळ जनावरे किंवा तीस लहान दुधाळ जनावरे (शेळ्या-मेंढ्या), ओढकामाची तीन मोठी किंवा सहा लहान जनावरे (वासरू, गाढव इत्यादी), इतक्यांचीच मदत मिळते. दहा म्हशी वाहून गेल्या, तरी नियमाप्रमाणे १,१२,५०० रुपयेच हाती येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करताना तीन जनावरांची ही मर्यादा काढून टाकली. ती सवलत त्या वेळच्या नुकसानीपुरती होती. प्रत्येक आपत्तीत ती मिळेलच असे गृहीत धरू नये. मात्र या अनुभवावरून एक सावधगिरी शिकता येते : मर्यादा तीनची असली, तरी मेलेल्या प्रत्येक जनावराचा पंचनामा करून घ्यावाच. पुढे शासनाने मर्यादा शिथिल केली, तर ज्याची नोंद आहे त्यालाच त्याचा लाभ मिळतो.

मोठा गोठा असणाऱ्यांनी पशुधन विम्याचा विचार अवश्य करावा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या सुधारणेनंतर पशुपालकाला हप्त्याच्या १५ टक्के रक्कम भरावी लागते आणि उरलेला भार केंद्र व राज्य शासन उचलते. विम्याचा दावा वेगळा आणि विमा कंपनीकडे करावयाचा असतो. तेथेही कळवण्याची मुदत आणि कानातील बिल्ला या दोन गोष्टींवर दावे अडतात.

पाचवी पायरी : अर्ज, यादी आणि खात्यात रक्कम

तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करावा आणि त्यासोबत पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदन अहवाल, छायाचित्रे, आधार कार्ड, बँक पुस्तकाचे पहिले पान आणि शिधापत्रिकेची प्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. पोच न घेता दिलेला अर्ज हरवला, तर तो दिला होता हे सिद्ध करता येत नाही.

त्यानंतर तहसील कार्यालयात लाभार्थ्यांची यादी तयार होते आणि मंजुरीनंतर रक्कम थेट खात्यात येते. अनेक आपत्तींत यादीतील प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक दिला जातो आणि तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठ्याच्या ठशाने ई-केवायसी करावी लागते. यादी ग्रामपंचायतीत लागली की नाव, रक्कम आणि खाते क्रमांकाचे शेवटचे अंक तपासावेत. आपले खाते आधारशी जोडलेले आहे का, आणि थेट लाभ नेमक्या कोणत्या खात्यात जमा होतो, हे बँकेत जाऊन विचारावे. पुष्कळ जणांची दोन-तीन खाती असतात, त्यांतल्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याशी आधार जोडलेले असते, आणि मंजूर झालेली रक्कम परत जाते. वयस्कर मालकाच्या अंगठ्याचा ठसा उमटत नसेल, तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्यावेत किंवा बुबुळांद्वारे ओळख पटवण्याची सोय आहे का, ते पाहावे.

बँकेने ही रक्कम थकीत कर्जात वळती करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांमध्ये असते. तशी कपात झाल्यास शाखाधिकाऱ्यांना शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत तहसीलदारांनाही द्यावी.

मदत नाकारली किंवा रखडली तर

प्रथम कारण लेखी मागावे. ‘वरून पैसे आले नाहीत’ आणि ‘तुमचे नाव यादीतच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत; पहिल्यात थांबावे लागते, दुसऱ्यात ताबडतोब हालचाल करावी लागते. नाव नसेल, तर तहसीलदारांकडे, तेथे दाद न मिळाल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि पुढे जिल्हाधिकारी कार्यालयातील नैसर्गिक आपत्ती शाखेकडे अर्ज करावा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या जिल्हा लोकशाही दिनातही असे प्रकरण मांडता येते. तरीही उत्तर मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली आपल्या गावाचे सर्व पंचनामे, तालुक्याकडे पाठवलेला अहवाल आणि मंजूर यादी यांच्या प्रती मागाव्यात. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. गावातील पाच-सात जणांची प्रकरणे एकत्र अडली असतील, तर प्रत्येकाने आपला स्वतंत्र अर्ज करावा आणि तहसील कार्यालयात मात्र सर्वांनी मिळून जावे, कारण तेथे एकत्र गेलेल्या माणसांची कागदपत्रे एकाच बैठकीत तपासली जाण्याची शक्यता वाढते आणि एकाच्या फाईलमधील त्रुटी दुसऱ्याला वेळीच सुधारता येते.